शाळेचे दप्तर : टेबलावर की सर्व्हरवर?



शाळेच्या नोंदी संगणकावर घेण्याचे काम आता बरेच पुढे गेले आहे. जनरल रजिस्टर, हजेरी, फी, परीक्षेचे गुण, शाळा सोडल्याचे दाखले, असे एकेक दप्तर कपाटातून संगणकात येत आहे. त्यामुळे व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीपुढे एक प्रश्न ठेवावा लागणार आहे. या नोंदी उघडणारे, शोधणारे आणि दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर बसवायचे कोठे? कार्यालय, परीक्षा विभाग आणि मुख्याध्यापकांची खोली येथील प्रत्येक डेस्कटॉपवर वेगवेगळे बसवावे, की शाळेतच एक सर्व्हर ठेवून सर्व टेबले त्याला जोडावीत? काही विक्रेते तिसरा मार्गही सुचवतात. शाळेत काहीच ठेवू नका, सगळे आमच्या दूरच्या सर्व्हरवर द्या, असे ते म्हणतात.

काही पालकांनी आम्हांला विचारले की यात मत मागण्यासारखे काय आहे? संगणकवाल्याला बोलवा, तो सांगेल तसे करा आणि मोकळे व्हा. आम्हांला तसे वाटत नाही. यंत्र कोणते घ्यावे हे संगणकवाला सांगेल. पण मुलांच्या नोंदींवर हात कोणाचा, चूक झाली तर ती सापडणार कशी आणि पंचवीस वर्षांनी दाखला मागायला आलेल्या माणसाला उत्तर देणार कोण, हे ठरवणे शाळेचे काम आहे. म्हणून बैठकीपूर्वी आमचे मत येथे मांडत आहोत.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे संगणकाची इंग्रजी परिभाषा कोणी धडाधड बोलू लागले की, हे साध्या भाषेत सांगा, असे म्हणण्याचा आम्हांला संकोच वाटत नाही. दरपत्रके घेऊन आलेल्या मंडळींनाही आम्ही तेच सांगितले. त्यातून जे समजले ते असे. संगणकावरील दप्तराचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, ज्याला डेटाबेस म्हणतात. दुसरा भाग म्हणजे त्या नोंदी सांभाळणारा, शोधून देणारा आणि बदल लिहून ठेवणारा प्रोग्राम. तिसरा भाग म्हणजे टेबलावरच्या माणसाला दिसणारी खिडकी, जिच्यातून तो नाव टाकतो आणि उत्तर वाचतो. आपल्या गावच्या देवस्थानाशी तुलना केली तर हे लगेच कळेल. दागिने म्हणजे नोंदी, भांडाराची जबाबदारी असलेला माणूस म्हणजे दुसरा प्रोग्राम आणि गाभाऱ्याबाहेर उभा राहून मागणी करणारा तो तिसरा. आता प्रश्न असा की भांडारी एक ठेवायचा, की प्रत्येक दारात एकेक?

डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर बसवण्याचे फायदे आहेत, हे आम्ही आधीच मान्य करतो. जोडणी लागत नाही, वेगळे यंत्र लागत नाही, समोरच्या संगणकावर बटण दाबले की काम सुरू. आपल्या गोव्यात तर डेस्कटॉपची सवय जुनी आहे. २००० नंतरच्या दशकात सरकारच्या सायबरेज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले आणि पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतही कित्येक कुटुंबांनी पहिला संगणक पाहिला तो असा. एक घर, एक संगणक, एक मालक, हे चित्र तेव्हापासून आपल्या मनात बसले आहे. घरासाठी ते चित्र योग्यच आहे. शाळेत मात्र एकच नोंद अनेकांना लागते. प्रवेशाच्या वेळी ती कार्यालयाला लागते, दहावीच्या अर्जाच्या वेळी परीक्षा विभागाला लागते, शिष्यवृत्तीच्या वेळी वर्गशिक्षकाला लागते. तीन टेबलांवर तीन प्रोग्राम आणि तीन याद्या झाल्या की थोड्याच दिवसांत एकाच मुलाची तीन रूपे तयार होतात.

हे आम्ही उगाच सांगत नाही. आपल्या भागातील नावेच पाहा. 'गावस' हे आडनाव मराठीत कोणी अनुस्वार देऊन लिहितो, कोणी न देता. इंग्रजीत कोणी 'जी-ए-डब्ल्यू-ए-एस' लिहितो, कोणी 'जी-ए-यू-एन-एस'. गावांचे तर विचारूच नका. आपण म्हणतो पेडणे, सरकारी इंग्रजीत ते पेर्नेम. आपण म्हणतो डिचोली, कागदावर बिचोलिम. साखळीचे सांकेलिम होते. पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे, मराठी उच्चाराची स्पेलिंगे आणि लिहिणाऱ्याच्या मर्जीची स्पेलिंगे, अशा तीन पिढ्या एकाच रजिस्टरात नांदत आहेत. कागदावर हे चालून गेले, कारण वाचणारा माणूस होता आणि त्याला गाव ठाऊक होते. संगणकाला गाव ठाऊक नसते. त्याला एक अक्षर वेगळे दिसले की तो म्हणतो, असा विद्यार्थी नाही. आता अशी नोंद तीन टेबलांवर वेगवेगळी दुरुस्त होत गेली, तर खरी कोणती हे कोण सांगणार?

यात धोका कसला, असे कोणाला वाटेल. शाळेच्या नोंदीवर माणसाचे पुढचे किती अवलंबून असते ते आठवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख जाते ती शाळेच्या नोंदीवरून. पुढे पासपोर्ट, नोकरी, बँक, सगळीकडे तेच प्रमाणपत्र दाखवावे लागते. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि मामलेदार कचेरीत तो काढताना शाळेचे कागद कामी येतात. तिशी ओलांडलेला माणूस वडिलांच्या नावातील एका अक्षरासाठी शाळा, कचेरी, वकील असे हेलपाटे घालतो, तेव्हा त्याचे मूळ बहुधा बालपणीच्या एखाद्या नोंदीत असते. आपण आज जी चूक होऊ देऊ, ती सोसणारा मुलगा आज पाचवीत आहे.

दुसरी गोष्ट विजेची. जूनमध्ये पावसाचा जोर वाढला की आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा येते-जाते हे कोणाला सांगायला नको. डेस्कटॉपसाठी केलेल्या लहान डेटाबेस प्रोग्रामांत, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये, सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये असतात. ती फाइल तारेवरून दोन-तीन टेबलांनी एकाच वेळी उघडली की प्रत्येक संगणक थेट त्या फाइलमध्ये लिहू लागतो. लिहिता लिहिता एका टेबलाची वीज गेली तर फाइल अर्धवट राहून बिघडू शकते, आणि मग ती कोणालाच उघडत नाही. शिवाय या फाइलला २ गिगाबाइटची मर्यादा आहे. फोटो आणि जुन्या रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे भरू लागलो की ती लवकर गाठली जाईल.

सर्व्हरवरच्या डेटाबेसची रीत निराळी. टेबलावरचा संगणक नोंदींना हात लावत नाही. तो फक्त विचारतो की अमुक मुलाचा दाखला द्या, किंवा सांगतो की अमुक मुलाची फी जमा झाली. लिहिण्याचे काम एकटा सर्व्हर करतो आणि तेही असे की एक व्यवहार पुरा झाला तर झाला, नाहीतर मुळीच झाला नाही. मधेच वीज गेली तरी अर्धी पावती, अर्धा दाखला असा प्रकार राहत नाही. दोन कारकून एकाच मुलाची फी एकाच क्षणी लिहू लागले तर सर्व्हर एकाला थांबवतो. शिवाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तर ती एका ठिकाणी बदलावी लागते. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुने डेस्कटॉप बदलण्याचा प्रश्न अनेक शाळांपुढे आला. नोंदी आणि मुख्य प्रोग्राम टेबलांवर असतील तर प्रत्येक वेळी संसार हलवावा लागतो. ते सर्व्हरवर असतील तर टेबल बदलले तरी दप्तर जागचे हलत नाही.

ही रीत शाळांना नवी आहे असेही नाही. २००० च्या सुमारास परदेशस्थ गोमंतकीय आणि येथील स्वयंसेवक यांनी मिळून परदेशातील वापरलेले संगणक आणून गोव्यातील शाळांना दिले आणि त्यांसाठी लिनक्सचा वापर केला. त्याच काळात, १९९९ पासून, लिनक्समध्ये अशी सोय विकसित होत गेली की एका चांगल्या सर्व्हरवर सर्व प्रोग्राम चालवावेत आणि जुन्यापान्या संगणकांनी फक्त खिडकीचे काम करावे. गरीब शाळांसाठी ही सोय मोठी होती. मुद्दा असा की सर्व्हर ही श्रीमंतांची चैन नव्हे. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस प्रोग्राम परवान्याचे पैसे न देता मिळतात. खर्च होतो तो एका बऱ्या यंत्राचा, बॅटरीवर चालणाऱ्या यूपीएसचा आणि शिकवून तयार केलेल्या माणसाचा.

आता देशाचा अनुभव पाहू, कारण हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणात आपल्या देशाने सोडवला आहे. शाळांची माहिती गोळा करण्याची 'डाइस' ही पद्धत १९९५ च्या सुमारास दिल्लीच्या शैक्षणिक नियोजन संस्थेने काही राज्यांतील जिल्ह्यांपासून सुरू केली. शाळांनी कागदी तक्ता भरायचा, ३० सप्टेंबर ही तारीख धरून, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकात तो उतरवला जायचा. सॉफ्टवेअर जिल्ह्यातील संगणकावर बसवलेले असे. पुढे २०१२-१३ पासून बारावीपर्यंतच्या शाळा एकाच पद्धतीत आणून 'यूडाइस' झाले आणि २०१८-१९ पासून 'यूडाइस प्लस' या नावाने सर्व काम एका मध्यवर्ती सर्व्हरवर गेले. २०२२-२३ पासून तर शाळेची नुसती संख्या न घेता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद त्यात होऊ लागली. कर्नाटकातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराचे मूल आज पेडण्याच्या शाळेत दाखल झाले, तर त्याचा कायम शैक्षणिक क्रमांक टाकून जुन्या शाळेतील नोंद आपल्याकडे घेता येते. मोपा विमानतळाच्या कामापासून असे किती प्रवेश होतात हे या तालुक्यातील शिक्षकांना ठाऊक आहे. पूर्वी अशा मुलाचा कागद येईपर्यंत वर्ष संपायचे. नोंद एका जागी आल्याचा हा खरा लाभ आहे.

पण त्याच अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या सीमेपलीकडे, सावंतवाडी आणि दोडामार्गच्या शिक्षकांना विचारा. महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' ही प्रणाली आली. सगळ्या राज्याच्या शाळांनी एकाच सर्व्हरवर माहिती भरायची होती. सर्व्हरवर ताण पडायचा, पान उघडायचे नाही, म्हणून शिक्षक रात्री जागून माहिती भरत. दिवसा वर्ग आणि रात्री सर्व्हर, अशी त्यांची अवस्था झाली. विश्वस्तांपैकी जे सर्व्हर या शब्दालाच घाबरतात, त्यांची भीती अशा अनुभवांतून आलेली आहे आणि ती खोटी नाही.

मात्र येथे एक भेद करायला हवा. त्रास झाला तो सर्व्हर दूर होता, एकच होता, सगळ्यांचा होता आणि बंद पडला तर शाळेच्या हातात काही नव्हते, म्हणून. शाळेच्याच इमारतीत, शाळेच्याच तारेवर असलेल्या सर्व्हरला बाहेरचे इंटरनेट लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांगेची मुले मोबाइलचे नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर जाऊन बसत होती, हे आपण विसरलेलो नाही. आमच्या कार्यालयात मुलाचा दाखला निघणे न निघणे हे त्या नेटवर्कवर अवलंबून राहू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

म्हणूनच विक्रेत्याच्या दूरच्या सर्व्हरचा तिसरा मार्ग आम्हांला आज मान्य नाही. त्यात सोय आहे, मोबाइलवर गुण दिसतात, आपल्याला काही सांभाळावे लागत नाही, हे खरे. पण नोंदी घराबाहेर गेल्या की त्यांची राखण परक्या हाती जाते. अमेरिकेत आणि कॅनडात हजारो शाळा 'पॉवरस्कूल' या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या मदतकेंद्राच्या पोर्टलमध्ये चोरलेल्या पासवर्डने शिरकाव झाला आणि कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली. कंपनीने खंडणी भरली, तरीही मे २०२५ मध्ये काही शाळा-मंडळांना पुन्हा धमक्या आल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचे दार एका पासवर्डने उघडले. आपल्या देशातही वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला तो मूल मानतो आणि मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीला महत्त्व देतो. मुलाचा पत्ता, आजार, जात, आधार क्रमांक या गोष्टी पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेल्या असतात. तो विश्वास आपण दुसऱ्याला उसना देणे बरे नव्हे.

मग सर्व्हर शाळेत ठेवला की सगळे सुरक्षित झाले काय? मुळीच नाही. उलट सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत असे आपणच मुलांना शिकवतो, मग हे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ विश्वस्तांनी केला आणि तो रास्त आहे. सर्व्हर बिघडला तर सगळी टेबले एकदम थांबतात. डेस्कटॉपच्या पद्धतीत निदान एक तरी टेबल चालू राहिले असते. शिवाय आपल्याकडचे हवामान. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी २३ जुलैच्या पुराने डिचोली, सत्तरी आणि पेडण्यात घरांत पाणी शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीच्या पाण्याने इब्रामपूर, हसापूर, चांदेलची काय गत केली तेही आपण पाहिले. वाळवंटीच्या काठी राहणाऱ्या साखळीकरांना तर पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवण्याची सवयच आहे.

यावर उपाय आहे तो राखीव प्रतींचा, आणि तो सर्व्हर असला तरच नीट जमतो. दप्तर एका ठिकाणी असेल तर त्याची प्रत रोज संध्याकाळी आपोआप निघू शकते. तीन टेबलांवरच्या तीन फायलींची प्रत काढायला तीन माणसांनी तीनदा आठवण ठेवावी लागते आणि परीक्षेच्या गर्दीत ती हमखास राहते. जाणकार एक साधा नियम सांगतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर असावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरातील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा ज्यांच्याकडे संगणकापासून सोडवून ठेवलेली प्रत होती त्यांना पैशांसाठी कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत. म्हणून आमची सूचना अशी की सर्व्हर वरच्या मजल्यावर, कुलपाच्या खोलीत असावा, त्याला यूपीएस असावा आणि आठवड्याची एक प्रत कुलूपबंद रूपात, पासवर्डखाली, संस्थेच्या बँक लॉकरमध्ये जावी. आणखी एक. दर सहामाहीस त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून पाहावे. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न चाखलेले लोणचे, बुरशी आली की नाही हे कळायला मार्ग नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, किल्ल्यांचा. आपल्याकडे देवस्थानांच्या पेटीला एकाहून अधिक कुलपे घालण्याची आणि किल्ल्या वेगवेगळ्या हातांत देण्याची पद्धत आहे. पूर्वजांनी ही रीत कोणावर अविश्वास दाखवण्यासाठी काढली नाही. भल्या माणसावरही किटाळ येऊ नये म्हणून काढली. सर्व्हरवर हे करता येते. वर्गशिक्षकाला आपल्या वर्गाची हजेरी आणि गुण दिसावेत, फी दिसू नये. फी घेणाऱ्याला गुण बदलता येऊ नयेत. जन्मतारीख आणि नाव यांत दुरुस्ती करायची तर एकाने लिहावे आणि दुसऱ्याने मान्यता द्यावी. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद सर्व्हरवर आपोआप राहावी आणि ती पुसण्याचा अधिकार कोणालाही, अगदी मुख्याध्यापकांनाही, असू नये. डेस्कटॉपवर हे जमवणे अवघड आहे, कारण ज्याचे टेबल त्याचीच फाइल आणि फाइल पेनड्राइव्हवर उचलून नेली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

नोंदींची राखण ढिली पडली की काय होते, याचा धडा गोव्याला जमिनींनी दिला आहे. एक-चौदाचा उतारा पूर्वी कचेरीत जाऊन घ्यावा लागे, आता तो संगणकावर मिळतो आणि सामान्य माणसाची मोठी सोय झाली आहे. पण जुन्या दस्तऐवजांत बनावट कागद घुसवून परदेशी असलेल्या किंवा हयात नसलेल्या मालकांच्या जमिनी बळकावल्याची प्रकरणे पुढे आली आणि २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. दप्तर कागदाचे असो वा संगणकाचे, तेथे कोण शिरतो आणि काय लिहून जातो हे कळले नाही, तर त्याची किंमत एखाद्या निरपराध घराला मोजावी लागते.

मराठी शाळा म्हणून एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. सॉफ्टवेअर कोठेही बसो, त्यात मराठी नाव मराठीतच, युनिकोडमध्ये, लिहिले गेले पाहिजे. अनेक वर्षे मराठी टंकलेखन निरनिराळ्या फॉन्टांत होत आले. तो फॉन्ट ज्या टेबलावर बसवला असेल तेथे मजकूर नीट दिसतो आणि शेजारच्या टेबलावर त्याच मजकुराची इंग्रजी चिन्हांची खिचडी होते. असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या प्रोग्रामला देता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. जो विक्रेता अजूनही सांगतो की नावे इंग्रजीत ठेवा आणि दाखला मराठी हवा असेल तर हाताने लिहा, त्याचे दरपत्रक कितीही स्वस्त असले तरी ते बाजूला ठेवावे, असे आमचे मत आहे. नाव मराठीत, त्याच ओळीत दहावीच्या अर्जावर जाणारे इंग्रजी स्पेलिंग, आणि दोन्ही पालकांनी पाहून सही केलेली, अशी नोंद असावी.

आणि कागदाचे रजिस्टर? ते राहणारच. गोव्याच्या पुराभिलेख खात्याची सुरुवात १५९५ सालची. तेथे शेकडो वर्षांपूर्वीचे कागद आजही वाचता येतात. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्या काळातील रजिस्टरे आजही कपाटांत आहेत आणि आजोबांची नोंद शोधत येणाऱ्या नातवाला ती उत्तर देतात. संगणकाची कोणतीही चकती इतकी टिकल्याचे अजून कोणी पाहिलेले नाही. म्हणून जनरल रजिस्टर शाईने लिहिले जाईल, आणि सर्व्हर बंद असला त्या दिवशी दाखला त्यावरून हाताने निघेल. कोणाचेही काम सर्व्हर बंद आहे या सबबीवर अडता कामा नये.

तेव्हा थोडक्यात आमचे म्हणणे असे. नोंद एकच असावी, ती आपल्याच घरात असावी आणि तिच्या किल्ल्या मोजून दिलेल्या असाव्यात. यासाठी डेटाबेस आणि तो हाताळणारे सॉफ्टवेअर शाळेतील सर्व्हरवर बसवावे, टेबलांवर फक्त खिडकी असावी. सरकारच्या पोर्टलवर जे भरणे बंधनकारक आहे ते आपण भरूच. त्याहून अधिक काही बाहेर जाऊ नये.

विश्वस्तांना विनंती की त्यांनी यंत्राच्या खर्चाबरोबर दोन माणसांच्या प्रशिक्षणाचा खर्चही मंजूर करावा. एकच माणूस जाणकार असला आणि तो निवृत्त झाला की सर्व्हर म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी होते. पालकांना विनंती की जूनमध्ये मुलाच्या नोंदीची छापील प्रत घरी येईल तेव्हा ती बाजूला न टाकता नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, गाव हे सगळे अक्षर अक्षर लावून पाहावे आणि मगच सही करावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, नववी-दहावीतील तुमच्यापैकी ज्यांना संगणकाची आवड आहे, त्यांनी सर्व्हर बसवताना जरूर पाहायला यावे, प्रश्न विचारावेत. फक्त एक लक्षात ठेवा. पासवर्ड ही घराची किल्ली आहे. ती मित्रालाही द्यायची नसते आणि मित्राची मागायचीही नसते.

बैठकीपूर्वी ज्यांना वेगळे मत मांडायचे असेल त्यांनी ते लेखी कार्यालयात द्यावे. ते समितीपुढे जसेच्या तसे ठेवले जाईल.